मिस पिनॉकना सपोर्ट मिळतो

मिस पिनॉक घाबरलेल्या आहेत हे कळायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. माझ्या कल्पनेतलं घाबरलेलं माणूस अडखळतं, घाम पुसतं, उशिरा येतं. मिस पिनॉक सगळ्यांच्या आधी शाळेत यायच्या, ताठ चालायच्या, आणि त्यांच्या जॅकेटच्या कॉलरला इस्त्रीची धार असायची. बाकीचे शिक्षक स्वेटर आणि मळक्या बुटांत. या मात्र कोट-स्कर्टमध्ये, कॉलरवर एक चांदीचा ब्रोच. मला वाटायचं, काय ही बाईची ऐट! ते चिलखत आहे हे नंतर लक्षात आलं.

लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी तेव्हा कव्हरचं काम बघायचे. एखादा शिक्षक आजारी पडला, ट्रेनिंगला गेला, की त्याच्या तासाला दुसरा माणूस उभा करायचा, याला कव्हर म्हणतात. उजाडायच्या आत फोन सुरू व्हायचे. पहिल्या घंटेला प्रत्येक वर्गासमोर एक मोठं माणूस उभं असलं म्हणजे माझा दिवस चांगला. मला याद्या करायला आवडतात, आणि ज्या गोष्टीची यादी होत नाही तिची मला धास्ती वाटते. मिस पिनॉकच्या बाबतीत पुढे जे झालं त्याची यादी होत नव्हती.

त्या वर्षांत लंडनच्या शाळांना गणिताचे शिक्षक मिळत नव्हते, म्हणून परदेशांतून माणसं आणत. मिस पिनॉक अशाच जमैकाहून आल्या. तिथे त्या मुलींच्या एका शाळेत गणित विभागाच्या प्रमुख होत्या. इथे कागदोपत्री त्या 'अनक्वालिफाइड टीचर'. परदेशात शिकलेल्या शिक्षकांना चार वर्षं शिकवायची मुभा होती, तेवढ्यात इथली पात्रता मिळवायची, आणि त्यासाठी शाळेने नाव पुढे करावं लागायचं. शाळेने नाव दिलं नाही तर पात्रता नाही, पात्रता नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर वर्क परमिट नाही. मग त्या आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी केरी, दोघींनी बॅगा भरायच्या. केरी इथल्याच दुसऱ्या शाळेत होती. पहिलं वर्ष ती रोज रात्री रडली, दुसऱ्या वर्षी तिला एक मैत्रीण मिळाली आणि तिसऱ्या वर्षी ती घरी बोलतानाही क्रॉयडनसारखं बोलायला लागली. "आता तिला उपटून परत कुठे लावू?" मिस पिनॉक म्हणायच्या. हे एवढं एकच वाक्य त्या कधीकधी पूर्ण न करता सोडून द्यायच्या.

शाळेत मला सगळे 'मिसेस व्ही' म्हणत. वैशंपायन हे आडनाव कोणाच्या तोंडी बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात मीच ते तोडून दिलं होतं. मिस पिनॉकनी ते ऐकलं आणि विचारलं, "व्ही म्हणजे काय? पूर्ण सांगा."

मी सांगितलं. त्यांनी नुसते ओठ हलवून पाहिले. मग दोन-तीन दिवस कॉरिडॉरमध्ये भेटल्या की बोट वर करायच्या, "मिसेस व्हाय-शम... थांबा, सांगू नका!" आणि एका सकाळी माझ्या दारात उभं राहून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, मिसेस वैशंपायन." 'शं'सकट बरोबर. मी फोन कानाला तसाच धरून बसले.

"एवढा त्रास कशाला घेतलात?" मी म्हटलं. "व्ही चालतं मला."

"नाव अर्धं केलं ना, की माणसाला आपलं अर्धंच ऐकून घ्यायची सवय लागते," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण आमचं बोलणं मला आठवतं ते अहो-जाहोतच. सोलापूरला आमच्या गणिताच्या बाई होत्या. त्या वर्गाच्या दारात आल्या की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागायचा. मिस पिनॉकना मी मनातल्या मनात बाईच म्हणायचे.

त्यांच्या वर्गात मुलं दाराबाहेर ओळीने थांबायची, आत जाऊन उभी राहायची आणि एका सुरात "गुड मॉर्निंग, मिस पिनॉक" म्हणायची. सोळा वर्षांची, सहा फुटी, कानात बाळ्या घातलेली मुलं! स्टाफरूममध्ये यावर विनोद व्हायचे. कोणी म्हणे राणीचं राज्य परत आलं. पण त्यांच्या वर्गाला कव्हर लावायची वेळ आली की तिथे जायला माणसं आपणहून तयार असायची, कारण त्या वर्गात कोणी खुर्ची फेकत नसे. त्या ओरडायच्या नाहीत. राग आला की आवाज खाली जायचा. मुलांना त्याची इतकी सवय की त्या अगदी कुजबुजायला लागल्या की शेवटच्या बाकावरचा मुलगाही पुस्तक उघडायचा.

माझं ऑफिस म्हणजे पूर्वीची स्टेशनरीची खोली. खिडकी नाही, हीटर मात्र बंद होत नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या तिथे यायच्या. मी डब्यात सोलापूरची शेंगाचटणी नेली होती, ती त्यांनी क्रॅकरवर घालून खाल्ली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे तिखट नाही. ही तिखटाची प्रस्तावना आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटलीतून आपला मिरचीचा सॉस आणला. मला इतकी उचकी लागली की हेडबाईंचा फोन मी उचलू शकले नाही. मिस पिनॉक डोळे पुसत हसल्या. त्यांना तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

कारण बहुतेक वेळा त्या येत त्या एखादा शब्द घेऊन. दार ओढून घ्यायच्या, खुर्चीच्या कडेवर बसायच्या आणि विचारायच्या, "डेप्युटींनी माझा तास पाहिला आणि म्हणाले, 'इंटरेस्टिंग अप्रोच.' मिसेस वैशंपायन, हे चांगलं की वाईट?"

"वाईट."

"आणि 'क्वाइट गुड'?"

"तेही वाईटच. पण चहा पिऊन विसरता येईल इतपत."

"'यू माइट वाँट टु थिंक अबाउट' म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून करा. विचार त्यांनी केलाय."

मी इथे वीस वर्षं काढली होती, म्हणून मला ही भाषा येत होती. मिस पिनॉकची तर जन्मभाषाच इंग्रजी. त्यांच्या आजीने त्यांना इंग्रजीत झोपवलं, इंग्रजीत मारलं. "शब्द सगळे माझ्या घरचेच आहेत," त्या म्हणायच्या, "पण इथे दार वाजवलं की आतून भलतंच कोणी बाहेर येतं." आम्ही त्यावर हसायचो. पण त्या जाताना दार उघडायच्या आधी एकदा थांबायच्या, कॉलर नीट करायच्या. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. दाराबाहेर कोण उभं असेल असं वाटायचं त्यांना?

आता रेडिओचं सांगते. आमच्या शाळेत गडबड झाली की ऑन-कॉल, म्हणजे त्या तासाला नेमलेला वरिष्ठ माणूस, मागवायची पद्धत होती. प्रत्येक वरिष्ठ माणसाच्या कमरेला वॉकीटॉकी, एक माझ्या टेबलावर. कोणत्या तासाला कोण ऑन-कॉल ते मी ठरवून भिंतीवर लावायचे. पण भिंतीवर कोणाचंही नाव असो, रेडिओवर आवाज यायचा, "मिस पिनॉकना पाठवता का?" सायन्सच्या कॉरिडॉरमध्ये मारामारी, मिस पिनॉक. कोणी मुलगा जिममधून बाहेर यायला तयार नाही, मिस पिनॉक. मुलगा कृष्णवर्णीय असला तर दुसऱ्या कोणाचं नावच निघायचं नाही. "दे लिसन टु यू," असं सगळे कौतुकाने म्हणत.

त्या जायच्या. न धावता, चालत. मी एकदा मागून गेले होते. दोन मुलं एकमेकांच्या गळ्यावर होती आणि तीस मुलं फोन उंचावून ओरडत होती. मिस पिनॉक मधे जाऊन उभ्या राहिल्या आणि एकाला अगदी हळू म्हणाल्या, "कीनन अँथनी विल्यम्स, तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय." त्याने खाली पाहिलं. एवढ्याने मारामारी संपली.

परत येताना त्यांनी भिंतीला हात लावला आणि क्षणभर तशाच थांबल्या. "एक दिवस यातल्या एकाच्या हातात काहीतरी असेल," त्या म्हणाल्या. "रोज हेच मनात येतं. आणि केरीला शाळेतून कोण आणेल?"

"मग नाही म्हणा."

"नाही म्हणणारी बाई, असं लिहिलं जाईल." मग पुढे चालताना म्हणाल्या, "मी गणित शिकवायला आले होते हो. यांनी माझा दरवान केला."

त्या बाहेर असताना त्यांच्या इयर इलेव्हनच्या बॉटम सेटपुढे, म्हणजे गणितात सर्वांत मागे पडलेल्या सोळा वर्षांच्या मुलांपुढे, कोणीतरी नुसतं उभं असायचं. ते मीच पाठवायचे. तासाचा तुकडा जायचा, पुढच्या तासाचा जायचा, आणि महिन्याच्या शेवटी त्या वर्गाचे आकडे बघून डेप्युटी हेड, मिस्टर टर्नर, मान हलवायचे. "प्रोग्रेस जरा डिसअपॉइंटिंग आहे." मी त्यांना दोनदा सांगितलं की त्या वर्गात असतील तर प्रोग्रेस होईल. ते म्हणाले, "पॉइंट टेकन." याचाही अर्थ मला माहीत होता.

त्याच सुमारास कौन्सिलकडून विचारणा आली की कृष्णवर्णीय शिक्षक शाळेत येतात, पण टिकत का नाहीत? आमच्याकडे मिस पिनॉकच्या आधी दोघं आले होते, दोघंही गेले होते, दोघांनाही निरोपाचा केक मिळाला होता. हेडबाई मिसेस कोलमन मनाने चांगल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मिस पिनॉकना बोलावून घेतलं. मी तेव्हा दुसऱ्या दिवशीचं कव्हर सांगायला त्यांच्या दारात उभी होते, आणि दार उघडंच होतं.

"तुम्ही आम्हाला हव्या आहात," हेडबाई म्हणत होत्या. "तुम्ही राहावं म्हणून आम्ही काय करू शकतो? अगदी मोकळेपणाने सांगा."

मिस पिनॉकनी थोडा विचार केला. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची त्यांना सवय. म्हणाल्या, "थोडा सपोर्ट हवा, मॅडम. माझ्या वर्गासाठी."

तो शब्द त्यांनी काढायला नको होता. खोलीत काहीही झालं नव्हतं. मिसेस कोलमन हसल्या, "ऑफ कोर्स," म्हणाल्या आणि समोरच्या पॅडवर तो शब्द लिहिला. मिस पिनॉक बाहेर आल्या त्या जवळजवळ आनंदात. "ऐकून घेतलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच."

आमच्या शाळेत सपोर्ट हा शब्द कोणी स्वतःबद्दल वापरत नसे. हात हवा, मदत हवी, वेळ हवा, काय वाटेल ते म्हणा. 'ऑन सपोर्ट' म्हणजे ज्याचं शिकवणं कमी पडतं असं ठरलंय तो. सहा आठवडे त्याच्या वर्गात येऊन बसायचं, लिहायचं, आणि सहा आठवड्यांनी एकतर 'मेट', म्हणजे लक्ष्य गाठलं, नाहीतर 'नॉट मेट'. स्टाफरूममध्ये लोक आजाराचं नाव घ्यावं तसं आवाज खाली आणून म्हणत, "तो सपोर्टवर आहे, माहितीये ना?" हे इथल्या जन्मलेल्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. आणि बाहेरून आलेल्याला कोणी सांगत नव्हतं.

मी मनाची समजूत घातली की हेडबाईंना कळलं असेल. त्यांना कळलंही असेल. पण पॅडवरचा शब्द मिस्टर टर्नरकडे गेला, आणि मिस्टर टर्नरकडे त्या शब्दासाठी एकच कागद होता.

पुढच्या आठवड्यात मिस पिनॉक माझ्या खोलीत आल्या, दार ओढलं आणि तो कागद टेबलावर ठेवला. 'सपोर्ट प्लॅन' असं वर ठळक लिहिलं होतं. खाली लक्ष्यं. वर्गात अधिक उत्साही आवाज. विद्यार्थ्यांच्या बोलण्याला अधिक वाव. शाळेच्या व्यापक जबाबदाऱ्यांत सहभाग.

"त्यांनी खरंच लगेच केलं," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहिला. "मिसेस वैशंपायन?"

मी कागद माझ्याकडे ओढून पुन्हा वाचला.

"हे चांगलं की वाईट?"

मी बऱ्याच लोकांना बऱ्याच वाईट बातम्या फोनवर दिल्या आहेत. त्या दिवशी 'वाईट' हा एवढासा शब्द तोंडातून काढायला मला पाण्याचा घोट घ्यावा लागला. मग सगळं सांगितलं, एक-दोन-तीन करून, कारण मला तसंच सांगता येतं. हे सहा आठवडे चालेल. हे चालू असेपर्यंत शाळा पात्रतेसाठी नाव पुढे करणार नाही. तुमची चार वर्षं उन्हाळ्यात संपतात. म्हणजे यात 'मेट' यायलाच हवं.

त्या ऐकत होत्या. ब्रोच काढून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "मी मागितलं ते. मीच मागितलं!" आणि त्यांना हसू आलं. ते मला अजिबात आवडलं नाही.

घरी मी हे यांना सांगितलं. हे चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "अगं, तू कव्हर लावतेस की क्रांती? उगीच मधे पडू नकोस."

"अहो, मधे पडत नाहीये. बाजूला उभी आहे."

"बाजूला उभ्या असणाऱ्यालाच आधी लागतं," हे म्हणाले. थोड्या वेळाने स्वतःच विचारलं, "मग करणार काय तुम्ही दोघी?"

करण्यासारखं जे होतं ते केलं. रेडिओवर त्यांचं नाव आलं की मी म्हणायचे, उपलब्ध नाहीत. युनियनच्या माणसाला भेटायला लावलं. तो भला होता, पण त्याच्याकडे अशी सहा माणसं होती. आणि मिस पिनॉकनी अधिक उत्साही आवाज आणला. त्यांनी केरीसमोर त्याची तालीमही केली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मोठ्याने, हसतमुखाने, हात हलवत म्हणाल्या, "राइट, एव्हरीवन! हाउ एक्सायटिंग!" शेवटच्या बाकावरून कीननने भीतभीत विचारलं, "मिस, तुम्हाला बरं नाहीये का?" एक मुलगी रडवेली झाली. तिला वाटलं मिसना कॅन्सर झालाय आणि त्या आपल्याला सांगत नाहीयेत.

"मुलं घाबरली," त्या मला म्हणाल्या. "आता आम्ही सगळेच घाबरलेले आहोत." दुसऱ्या दिवसापासून आवाज पुन्हा खाली आला.

त्या आठवड्यांत त्या बारीक झाल्या. जेवायला यायच्या, पण डबा उघडायच्या नाहीत. कॉरिडॉरमध्ये मागून पावलं वाजली की चाल बदलायची नाही, नुसते खांदे किंचित वर जायचे. मिस्टर टर्नर केव्हाही दारातून डोकावत आणि "डोंट माइंड मी" म्हणत. मला या वाक्याची इतकी भीती बसली की कोणी लिफ्टमध्ये म्हटलं तरी मी पुढच्याच मजल्यावर उतरते.

शेवटचा तास इयर इलेव्हनबरोबरच होता. मिस्टर टर्नर फाइल घेऊन मागच्या बाकावर बसणार होते. मी त्या सकाळी प्रत्येक रेडिओवाल्याला स्वतः जाऊन सांगितलं होतं, या तासात त्यांना बोलवायचं नाही. ऑन-कॉलला दोन माणसं ठेवली होती.

तास निम्मा झाला असेल आणि माझ्या टेबलावरचा रेडिओ खरखरला. सायन्स कॉरिडॉर. केमिस्ट्रीचे मिस्टर हॉब्ज घाईत होते. "इकडे दोघं भिडलेत. मिस पिनॉकना पाठवा!"

"त्या नाहीत. दुसरे दोघं येताहेत," मी म्हटलं.

"नको, मिस पिनॉकनाच पाठवा!"

हे सगळं मिस्टर टर्नरच्या कमरेलाही वाजत होतं, मिस पिनॉकच्या वर्गात. मग त्यांचा आवाज आला, "त्या येताहेत, निघाल्याच." आणि तो बंदच होईना. घाईत रेडिओ फाइलखाली दाबला गेला असावा आणि बटण तसंच दबून राहिलं. साऱ्या शाळेच्या रेडिओंवर आता तो वर्ग ऐकू येत होता. रिसेप्शनमध्ये, पटांगणात केअरटेकरच्या कमरेला, हेडबाईंच्या टेबलावर. बाकी कोणालाच बोलता येत नव्हतं.

"यू हॅड बेटर गो," मिस्टर टर्नर म्हणत होते. "मी बघतो वर्गाकडे. नंतर पुढे घेऊ हे."

मी उठून उभी राहिले. आता या जातील, सवयीने जातील, आणि अर्ध्यावर सोडलेल्या तासाला 'नॉट मेट' लिहिलं जाईल, असं मला दिसत होतं. आणि नाही गेल्या तर काय लिहिलं जाईल, तेही दिसत होतं.

मग तो खालचा आवाज आला. रेडिओवर जेमतेम ऐकू येईल इतका.

"सर, हा तास माझा आहे. रेडिओ तुमच्याकडे आहे."

कोणाचीतरी खुर्ची करकरली. कोणी उठलं नव्हतं.

"तर," मिस पिनॉक म्हणाल्या, "एका माणसाचं वजन वीस टक्के कमी झालं. आता तो ऐंशी किलो आहे. आधी किती होता?"

"शहाण्णव!" माझ्यामागून आमची रिसेप्शनिस्ट म्हणाली. ती काय चाललंय ते विचारायला धावत आली होती.

"शहाण्णव सगळेच म्हणतात," रेडिओतून उत्तर आलं. "ऐंशीचे वीस टक्के काढून ऐंशीत घातले. पण तो बारीक झाला तेव्हा ऐंशी किलो होता का, डॅनिएल ओवुसू?"

"नाही, मिस. जाडा होता."

"मग वीस टक्के कशाचे?"

"जाड्याचे!"

"मिस, म्हणजे मिस्टर टर्नर डाएटवर आहेत का?" हा कीनन.

"मिस्टर टर्नर इथे कामासाठी आलेत. तूही कामासाठी आलायस."

शंभर, असं जेव्हा त्या वर्गाने ओरडून सांगितलं तेव्हा रिसेप्शनिस्टने कपाळाला हात लावला. पण मी पुढचं ऐकायला थांबले नाही. सायन्सकडे पळाले, कारण मिस्टर टर्नरचं ऐकून ऑन-कॉलची दोन्ही माणसं थांबली असणार, आणि रेडिओ अडकल्यावर तिथे काय चाललंय ते कोणालाच कळत नव्हतं. जाईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर नाही नाही ते येत होतं. तिथे मिस्टर हॉब्ज घामाने भिजलेले, टाय खांद्यावर, दोन मुलांच्या मधे उभे होते. मुलं भिंतीला टेकून धापा टाकत होती. "कोणी आलंच नाही," ते मला म्हणाले. "मला स्वतःलाच सोडवावं लागलं." त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं.

तास संपल्यावर मिस पिनॉक माझ्या खोलीत आल्या. कोट घालायला लागल्या, पण बटणं लागेनात. मी उठून त्यांच्या कोटाची सगळी बटणं लावून दिली, वरपासून खालपर्यंत, लहान मुलीला लावावीत तशी. त्यांनी मान वर करून लावू दिली.

"ऐकलं सगळ्यांनी?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी."

"देवा," त्या म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये लोक एकमेकांना 'शंभर' म्हणून हसत होते. मिस पिनॉक आत आल्या की मात्र सगळ्यांना किटलीजवळ काम निघायचं. निकाल आला. शिकवणं, मेट. विद्यार्थ्यांचा सहभाग, मेट. व्यापक जबाबदाऱ्या, नॉट मेट. खाली शेरा, योग्य सूचना देऊनही गेल्या नाहीत. मी हेडबाईंकडे गेले आणि स्पष्ट सांगितलं की ती सूचना काय होती ते मी ऐकलंय आणि त्यांनीही ऐकलंय.

मिसेस कोलमननी पेन खाली ठेवलं. "मार्टिनची परिस्थिती जरा अवघड होती," त्या म्हणाल्या. मार्टिन म्हणजे मिस्टर टर्नर. "पण आम्ही त्यांना सोडणार नाही हो. आणखी सहा आठवडे देतोय."

"काय देताय?"

"सपोर्ट," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. म्हणूनच मला त्या खोलीतून लवकर बाहेर पडावंसं वाटलं.

ते आणखी सहा आठवडे उन्हाळ्याच्या सुट्टीपलीकडे जात होते. हे मिस पिनॉकना मी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी राजीनामा दिला, आणि तो देताना चांगलं की वाईट ते मला विचारलं नाही. निरोपाला केक होता. हेडबाईंनी भाषणात म्हटलं की आम्ही खूप प्रयत्न केला. बॉटम सेटची मुलं दाराबाहेर ओळीने उभी होती. कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा फोन नंबर बदलला. केरीची शाळाही बदलली असं ऐकलं. कोणी म्हणे परत गेल्या, कोणी म्हणे बर्मिंगहॅमला बहिणीकडे.

मला त्या एकदाच दिसल्या, पानगळीच्या दिवसांत, सत्राच्या मधल्या हाफ-टर्मच्या सुट्टीत. व्हिसा ऑफिसच्या इमारतीला वळसा घालून रांग रस्त्याकडेपर्यंत आली होती. मी पलीकडच्या फुटपाथवर सिग्नलला थांबले होते. वारा झोंबत होता. रांगेतले सगळे लोक दाराकडे बघत होते, त्या मात्र खाली. डाव्या हातावर वह्यांचा गठ्ठा, उजव्या हातात पेन. उभ्या उभ्या वह्या तपासत होत्या. तपासून झालेली वही शेजारी उभ्या केरीच्या हातात जायची. आमच्या शाळेच्या गणिताच्या वह्या निळ्या. या नारिंगी होत्या.

म्हणजे कुठल्यातरी शाळेने त्यांना घेतलं होतं, पात्रतेसाठी नावही पुढे केलं असावं. कुठल्यातरी वर्गाची मुलं दाराबाहेर ओळीत उभी राहत होती. आता फक्त आतल्या काउंटरवरच्या माणसाने हो म्हणायला हवं होतं.

मी हाक मारली नाही. मी मारली असती तर त्या आल्या असत्या, आणि त्या रांगेत जागा सोडायची नसते. मीही तिथे उभी राहिलेय. सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला. रांग पुढे सरकली की त्या मान वर न करता अंदाजाने एक पाऊल टाकायच्या.

दार आलं. गार्डने ते उघडून धरलं आणि काहीतरी म्हटलं. केरीने आईकडे पाहिलं. तिचा चेहरा मला एवढ्या लांबूनही दिसला. मिस पिनॉकनी पेन धरलेलं बोट वर केलं, थांब म्हणून, आणि हातातली वही शेवटपर्यंत तपासली. गार्ड दार धरून उभा राहिला. त्यांनी खाली काहीतरी लिहिलं, वही मिटली, केरीला दिली आणि मग आत गेल्या.